तटस्थतेची किंमत

चाकणला ह्युंदाईची खोदकामाची यंत्रे तयार होतात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखानाही आता त्याच नावाच्या मोटार कंपनीकडे आला आहे. या कोरियन उद्योगांचे स्वागत करताना एका जुन्या ऋणानुबंधाचे स्मरण देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उत्तर कोरियाने दक्षिणेवर केलेल्या आक्रमणामुळे १९५० साली कोरियात जे युद्ध पेटले, त्याने जगात दोन तट पाडले. १९५३ साली शस्त्रसंधी झाला, तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणारे सुमारे २२ हजार युद्धकैदी भारतीय दलाच्या हवाली झाले. त्या दलाचे सेनानी होते कोल्हापूरकडील वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या जवानांना स्वतःच्या भूमीवर पाऊल टाकू दिले नाही. त्यांना हेलिकॉप्टरने छावणीत न्यावे लागले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास डांबले, तेव्हा थोरात मोजक्या सहकाऱ्यांनिशी त्या संतप्त जमावात शिरले आणि एकही गोळी न झाडता त्याची सुटका केली.

बदल्यात काय मिळाले? उभय पक्षांचा दोषारोप; शिवाय अमेरिकेच्या विरोधामुळे कोरियाविषयीच्या राजकीय परिषदेतील स्थानही हुकले. बहुसंख्य कैद्यांची समजावणी अपुरीच राहिली, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु १९७३ साली दोन्ही कोरियांशी भारताचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. कोणाच्याही तटात न शिरल्यामुळेच दोन्ही दारे आपणांस उघडी राहिली, असे आमचे स्पष्ट मत आहे. तटस्थतेची किंमत रोख द्यावी लागते. तिचे फळ मात्र पुढल्या पिढीच्या पदरात पडते. आज पुन्हा जगात तट पडत असताना हा हिशेब राज्यकर्त्यांनी विसरू नये.