'दिवाळीला कधी यायलास?'

दर रविवारी सकाळी दहाला पुण्याहून परभणीला फोन. एकदम फिक्स! श्रावणातल्या एका रविवारी बाबांनी दहा मिनिटांत तीनदा विचारलं, 'दिवाळीला कधी यायलास?' मला वाटलं, मिस करताहेत. तिसऱ्यांदा मात्र चक्क चिडलो.

दिवाळीत घरी गेलो आणि फोनमागची गोष्ट दिसली. फोन स्पीकरवर, बाजूला आई. 'अहो, काल वसमतचे भाऊजी आले होते ना...' मग बाबा तेच मला सांगायचे. कितीतरी महिने ती असं निभावून नेत होती. 'वय झालं रे, दुसरं काय!'

बाबा मोंढ्यात पस्तीस वर्षं मुनीम. कापसाच्या पट्ट्या तोंडी करणारा माणूस. त्यांनी भाजीवालीसमोर नोटांची मूठ उघडली, 'तूच घे किती झाले ते.' तिनं बरोबर तेवढेच घेतले. मी मागे पिशवी धरून उभा.

तुम्हीही घरापासून लांब असाल, तर एवढं बघाच. नाव विसरलं आणि संध्याकाळी आठवलं, तर ते वय. (आपलंही होतं, टेन्शन नको!) पण आठवण करून दिल्यावरही अख्खा प्रसंगच पुसलेला असेल, रोजचा रस्ता चुकत असेल, सुटे पैसे मोजता येत नसतील, 'माझे पैसे कुणीतरी चोरले' सुरू झालं असेल, तर डॉक्टर गाठा. फसवणारी गोष्ट म्हणजे अल्झायमरमध्ये बहुधा नवं आधी जातं, जुनं टिकतं. १९७२च्या दुष्काळातलं खडी फोडणं आणि सुकडी, बाबा तासभर सांगतात. पाहुणे म्हणतात, 'मेमरी काय शार्प आहे!'

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. मात्र बी-१२ची कमतरता, थायरॉइड, डिप्रेशन यांनीही असंच विसरायला होतं, आणि त्यावर इलाज आहे. म्हणून आधी रक्त तपासायचं. बाबांचे रिपोर्ट नॉर्मल आले. नॉर्मल रिपोर्टचं वाईट वाटण्याची माझी ती पहिलीच वेळ.

नांदेडला न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं, 'शंभरातून सात वजा करत जा.'

'त्र्याण्णव,' बाबा म्हणाले. मग त्यांनी आईकडे बघितलं. मदत करायची नाही, असं तिला आधीच बजावलं होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

आता गोळ्या सुरू आहेत. त्यांनी आजार बरा होत नाही, लक्षणं काही काळ आवरली तर आवरतात. रविवारचा फोन आता व्हिडिओवर असतो. शनिवारी एक वेगळा करतो, फक्त आईला.