पडदा शाबूत, दोरी गेलेली

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचं एक वाळवंटी गाव आहे. उन्हाळ्यात तिथला पारा चाळिशीच्या पार जातो आणि गाव सुस्तावतं. हिवाळा आला की उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेली, बहुतांशी निवृत्त मंडळी चाकांवरची घरं घेऊन इथे उतरतात. गावालगतच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सात महिन्यांच्या मुक्कामाचा परवाना मिळतो. त्या वस्तीत पिकअपच्या मागे ओढून आणलेले ट्रॅव्हल ट्रेलर पुष्कळ. जरा जुन्या ट्रेलरच्या खिडक्यांकडे नीट पाहिलं, तर एखादा पडदा तिरका लोंबत असतो, तर एखादा कपडे वाळत घालायच्या चिमट्याने वर धरून ठेवलेला असतो.

ट्रेलरमधला हा पडदा घरातल्या पडद्यासारखा नसतो. पॉलिस्टरच्या कापडाला जपानी पंख्यासारख्या चुण्या पाडलेल्या असतात. वर सरकवला की तो चार बोटांच्या गठ्ठ्यात मावतो. अनेक ट्रेलरमध्ये एकाच खिडकीवर अशी दोन कापडं असतात: दिवसासाठी झिरझिरीत आणि रात्रीसाठी जाड, अपारदर्शक. झिरझिरीत कापड दिवसा उजेड आत घेतं आणि बाहेरच्याला आतलं फारसं दिसू देत नाही. रात्री आत दिवा लागला की उलटं होतं, शेजारच्या ट्रेलरमधल्यांना घरबसल्या सिनेमा दिसतो. म्हणून ही जोडी.

हा पडदा हाताने जिथे सोडाल तिथे थांबतो. ओढायला लोंबती दोरी नाही, कडी नाही, खटका नाही. त्याला धरून ठेवतं ते फक्त घर्षण. वरच्या पट्टीतून निघालेल्या बारीक दोऱ्या प्रत्येक चुणीच्या भोकातून ओवत खाली येतात आणि खिडकीखाली भिंतीला स्क्रूने बसवलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या फिरक्यांना गुंडाळलेल्या असतात. पट्टीत दडवलेल्या स्प्रिंगा त्यांना ताण देतात. बहुतेक पडद्यांत सरकणाऱ्या पट्टीच्या पोटात या दोऱ्या एकमेकींना ओलांडतात. डावीकडून आत शिरलेली दोरी उजवीकडून बाहेर पडते, उजवीकडची डावीकडून. त्यामुळे पट्टी एका हाताने, एकाच टोकाला धरून सरकवली तरी आडवीच राहते. वास्तुविशारदांच्या ड्रॉइंग बोर्डावरची समांतर पट्टी नेमकी याच युक्तीवर चालायची. संगणक येण्याआधी ज्यांनी नकाशे काढले, त्यांना हे चित्र लगेच कळेल.

आता बिघाड कुठे होतो ते पाहू. कापड सहसा दोषी नसतं. ऊन दोरीला कमजोर करतं, रस्त्यावरचे हादरे तिला पट्टीतल्या भोकाच्या धातूच्या कडेवर घासत राहतात, आणि त्या भोकातली प्लॅस्टिकची बारीक कडी निसटली असेल तर दोरी करवतीखाली आल्यासारखी होते. एक दोरी सैल पडली की पडदा तिरका होतो, दोन्ही सैल पडल्या की आपल्याच वजनाने खाली घसरतो. तुटली तर प्रश्नच मिटला. बाजेचा सुंभ सैल पडला म्हणून कोणी बाज फेकत नाही, पायथ्याची दोरी ओढून ताणतो. इथे मात्र कितीतरी मालक अख्खा पडदा काढून टाकायला निघतात, आणि हे वाया घालवणं अनाकलनीय आहे.

खरं तर आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन खिडकीखालच्या फिरक्या पाहाव्यात. फिरकीचा स्क्रू थोडा सैल करायचा, दोरीचा एक वेढा वाढवायचा, स्क्रू पुन्हा आवळायचा. डावी-उजवीकडचा ताण सारखा झाला की तिरका पडदा सरळ होतो. हाव मात्र करू नये. ताण फार वाढला तर पडदा वर ढकलताना दमछाक होते, दोरी लवकर झिजते आणि एके दिवशी फिरकीच भिंतीतून उपटून हातात येते. ट्रेलरची भिंत म्हणजे पातळ प्लायवूडचा पापुद्रा, स्क्रूला पकड मिळणार तरी किती? उपटलेल्या भोकात आपले सुतार करतात तेच करावं: आगपेटीच्या काड्या गोंदात बुडवून ठोकायच्या, वाळू द्यायच्या आणि मग स्क्रू फिरवायचा. जास्त लांब स्क्रू वापरण्याचा मोह टाळावा, कारण भिंतीत विजेच्या तारा असू शकतात.

दोरी तुटलीच असेल तर पडदा उतरवून टेबलावर आडवा घ्यावा लागतो. वरची झालर काढली की मागच्या क्लिपा दिसतात. उतरवण्याआधी मोबाईलवर फोटो काढावा. दोऱ्या कुठून कुठे जातात हे लक्षात राहील असं वाटतं, पण अर्ध्या तासाने कोणालाच आठवत नाही. पट्ट्यांच्या टोकांची झाकणं निघाली की आतल्या स्प्रिंगा आणि गाठी हाती लागतात. यापुढचं काम परकराला नाडी ओवण्यासारखं. तिथे सेफ्टी पिन लागते, इथे बारीक तार किंवा दोरीच्या टोकावर सुपरग्लूचा थेंब. टोक कडक झालं की सुईचं काम करतं. जुनी दोरी शाबूत असेल तर नवी तिच्या शेपटीला जोडून ओढून घ्यावी, निम्मे कष्ट वाचतात. नवी दोरी साधारण एक मिलिमीटर जाडीची, विणीची, पॉलिस्टरची असावी. ती जुनीपेक्षा हातभर लांबच कापावी आणि उरलेलं शेवटी छाटावं. एक तुटली असेल तरी सगळ्याच बदलाव्यात, बाकीच्यांनीही तेवढंच ऊन खाल्लेलं असतं.

कापडच चुण्यांवर चिरत असेल, बोट लावताच भुगा होत असेल, तर मात्र दोरी ओवण्यात अर्थ नाही. तेव्हा बहुतेकजण गुंडाळी पडद्याकडे वळतात. गेल्या काही वर्षांत अनेक नवे ट्रेलरही हेच पडदे घेऊन कारखान्यातून निघतात. 'वंदे भारत'मध्ये खिडकीवर खाली ओढायचा पडदा पाहिला असेल, त्याच कुळातला. या कुळाचा एक पूर्वज अमेरिकी. स्टुअर्ट हार्टशॉर्न यांनी स्प्रिंगवर चालणाऱ्या गुंडाळीचं पेटंट १८६४ मध्ये घेतलं. त्या धाटणीच्या नळीत एक लांब स्प्रिंग असते आणि टोकाला दातेरी चकती व एक छोटा खटका. पडदा हळू सोडला की खटका दात्यात पडून गुंडाळी अडवतो, झटका देऊन सोडला की वेगाने फिरताना तो बाहेर फेकला जातो आणि पडदा सरसर वर जातो.

असा पडदा वर जायला आळस करत असेल, तर तो अर्धा खाली ओढून खटक्यावर थांबवावा, कंसातून काढावा, हाताने गुंडाळावा आणि पुन्हा बसवावा. तेवढे वेढे स्प्रिंगला जास्तीचे मिळतात. धडाडकन वर आदळत असेल तर पूर्ण गुंडाळलेला काढून, हाताने थोडा उलगडून बसवायचा. दोन्ही वेळा टोकाची चपटी खीळ मोकळी फिरू देऊ नये, नाहीतर साठवलेला ताण क्षणात निघून जातो.

गुंडाळीही निर्दोष नाही. कंसांमुळे कापड खिडकीपेक्षा अरुंद पडतं आणि दोन्ही कडांनी उजेडाच्या रेघा येतात. म्हणून जागा असेल तिथे पडदा चौकटीच्या आत न बसवता बाहेरून, दोन्हीकडे थोडा वाढवून बसवतात. खालचं टोकही मोकळं असल्याने खिडकी उघडी असताना वाऱ्याने फडफडतं, प्रवासात खडखडतं. चुण्यांच्या पडद्याला हा त्रास नसतो, ताणलेल्या दोऱ्या त्याला भिंतीलगत धरून ठेवतात. एकंदरीत कापड चांगलं असेल तर दुरुस्ती हाच शहाणा सौदा. त्यात खर्च दोरीचा आणि एका दुपारचा.

दोऱ्या बदललेला पडदा लगेच पूर्ण झाला असं समजू नये. पंधरा-वीस वेळा वरखाली केल्यावर नवी दोरी किंचित ताणते, तेव्हा फिरकीला आणखी अर्धा वेढा द्यावा लागतो. ट्रेलर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर पडदे वर सरकवून ठेवावेत, खाली सोडलेल्या कापडाच्या चुण्या सपाट होतात आणि मग ते घडी घ्यायला कुरकुरतं. उरलेली हातभर दोरी स्क्रूड्रायव्हरशेजारच्या खणात टाकून ठेवावी, शेजारच्या खिडकीचा पडदा तेवढ्याच वयाचा असतो.