ऐन वेळी बाहेर बसविलेला खेळाडू

सायंकाळी मुलगा मैदानावरून परत येतो, पायांतील बूट कोपऱ्यात भिरकावतो आणि कोणाशी न बोलता बसून राहतो. फार खोदून विचारल्यावर एवढेच सांगतो, की सामना रंगात आला असता शिक्षकांनी त्याला बाहेर बसविले. वडिलांना शिक्षकांचा राग येतो. आईला मुलाची कणव येते. वाचकहो, असा प्रसंग आपल्याही घरी आला असेल, तर अमेरिकेतील एका खेळाडूची ही हकीकत आपण अवश्य वाचावी.

माइक सिंगलटरी हे टेक्सस राज्यातील ह्यूस्टन शहरचे. वडील धर्मोपदेशक, दहा भावंडांत माइक सर्वांत धाकटे. लहानपणीच आईवडील विभक्त झाले आणि एक भाऊ मोटार अपघातात दगावला. अशा परिस्थितीतून वर येऊन त्यांनी बेलर विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलमध्ये नाव मिळविले. त्यांच्या धडकेचा जोर एवढा, की तेथे त्यांची सोळा शिरस्त्राणे फुटली, असे सांगतात. तथापि 1981 साली व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा ‘या जागेसाठी हा उंचीने कमी’ असे पुष्कळांचे मत पडले. सदतीस जणांची निवड झाल्यावर शिकागो बेअर्स या संघाने त्यांना घेतले.

ही जागा कोणती, हे समजण्यासाठी खेळाची थोडी माहिती हवी. आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून हा खेळ निराळा आहे. येथे चेंडू हातात घेऊन धावतात किंवा पुढे फेकतात. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू असतात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. बचाव करणाऱ्यांची पहिली फळी अगदी समोर ठाकलेली असते. तिच्या पाठीमागे उभा राहतो तो ‘लाइनबॅकर’. प्रतिपक्षाची मांडणी पाहून पुढचा डाव ओळखावयाचा आणि सोबत्यांना क्षणार्धात इशारा द्यावयाचा, ही मधल्या लाइनबॅकरची जबाबदारी. कबड्डीत एकाने अवेळी झेप घेतली तर साखळी तुटते, हे आपण पाहतोच. येथेही एकाच्या चुकीने सारी फळी उघडी पडते.

बेअर्सच्या बचावाचे प्रशिक्षक बडी रायन हे कठोर गृहस्थ होते. नव्या खेळाडूला नावाने हाक मारण्याऐवजी ते त्याच्या पोशाखावरील क्रमांकाने संबोधीत. सिंगलटरी त्यांच्या लेखी केवळ ‘पन्नास’ होते. पहिल्याच हंगामात सातव्या सामन्यापासून त्यांना मधली जागा मिळाली खरी. पण प्रतिपक्ष चेंडू लांब फेकणार असे दिसले, की रायन त्यांना बाहेर बोलावीत. ताकद होती, धडाडी होती. डाव ओळखण्याविषयी गुरूचा विश्वास मात्र अद्याप बसला नव्हता.

त्या वर्षी संघाने सोळांपैकी दहा सामने गमावले. मुख्य प्रशिक्षक जाणार हे स्पष्ट दिसत होते आणि त्यांच्याबरोबर रायन यांनाही जावे लागेल अशी चिन्हे होती. तेव्हा बचाव फळीतील खेळाडूंनी एक विलक्षण गोष्ट केली. अॅलन पेज आणि गॅरी फेन्सिक यांच्या पुढाकाराने त्यांनी संघाचे वयोवृद्ध मालक जॉर्ज हॅलास यांना पत्र लिहून रायन यांना ठेवण्याची विनंती केली. हरणाऱ्या संघाने आपल्या सर्वांत कडक शिक्षकासाठी रदबदली करावी, याहून मोठा आशावाद कोणता? शहाऐंशी वर्षांच्या हॅलास यांनी ती विनंती मानली. 1982 साली माइक डिटका मुख्य प्रशिक्षक झाले, परंतु बचाव रायन यांच्याकडेच राहिला.

सिंगलटरी यांनी या काळात काय केले? ते रुसून बसले नाहीत. त्यांनी रायन यांच्याकडे प्रत्येक डावात खेळू देण्याचा आग्रह धरला आणि त्या मागणीस योग्य होण्यासाठी अभ्यास आरंभिला. सामन्यांच्या चित्रफिती घरी नेऊन ते पुनःपुन्हा पाहत. कोणता खेळाडू कोठे उभा राहिला असता कोणता डाव येतो, हे त्यांनी डोळ्यांत साठविले. 1983 पर्यंत त्यांना बाहेर बोलावण्याचे कारण उरले नाही. साऱ्या फळीला इशारे देणारा आवाज आता त्यांचाच होता.

रायन यांची ‘सेहेचाळीस’ नावाची व्यूहरचना याच फळीने गाजविली. डग प्लँक या खेळाडूच्या क्रमांकावरून तिला हे नाव पडले होते. 1984 साली बेअर्सने चेंडू फेकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास फेकीपूर्वीच 72 वेळा पाडून विक्रम केला. 1985 च्या हंगामात सोळांपैकी पंधरा सामने जिंकले आणि एकंदर अवघे 198 गुण दिले. अंतिम फेरीपूर्वीच्या दोन बाद सामन्यांत तर प्रतिपक्षाला एकही गुण मिळाला नाही. 26 जानेवारी 1986 रोजी न्यू ऑर्लिन्स येथे अंतिम सामन्यात त्यांनी न्यू इंग्लंडचा 46-10 असा पराभव केला. सिंगलटरी यांनी त्या दिवशी प्रतिपक्षाच्या हातून निसटलेला चेंडू दोनदा हस्तगत केला. सामना संपताच खेळाडूंनी डिटका यांच्याप्रमाणेच रायन यांनाही खांद्यावर उचलून घेतले.

त्या हंगामातील सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान सिंगलटरी यांना मिळाला; 1988 साली तो पुन्हा लाभला. बारा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचे केवळ दोन सामने चुकले.

तेव्हा आपला मुलगा पुन्हा कधी हिरमुसून घरी आला, तर शिक्षकांना दोष देण्यापूर्वी, किंवा मुलाला दटावण्यापूर्वी, त्याला जवळ बसवून एकच प्रश्न विचारावा : “बाहेर बसलास तेव्हा तुला काय दिसले?” त्याचे उत्तर तो शोधू लागला, की तो पुन्हा आत जाण्याच्या वाटेला लागला असे समजावे.