मेद जाळणाऱ्या वनौषधी : लाभ आणि धोके

सुरतेतील पांडेसरा ही औद्योगिक वसाहत कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या मिलांसाठी प्रसिद्ध आहे. पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे या भागात राहतात. घामाच्या कमाईतील पैसा ‘पूर्णतः वनस्पतिजन्य’ अशा मेद जाळणाऱ्या डबीवर खर्च करावयाचा, तर त्या डबीत काय असते हे आधी जाणून घेणे हिताचे होय.

स्थूलतेची चिंता नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल माणसासाठी गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा, मध इत्यादी सांगितले आहेत; परंतु त्यांच्या जोडीला व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा, असेही बजावले आहे. केवळ औषधाने मेद झडेल, अशी ग्वाही तेथे नाही.

आजच्या गोळ्यांत पुष्कळदा आपल्या कोकमाच्या कुळातील गार्सिनिया या फळाच्या सालीचा अर्क असतो. साखरेचे चरबीत रूपांतर करणाऱ्या एका विकराला त्यातील आम्ल अडविते, असे प्रयोगशाळेत दिसले. मात्र १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर बारा आठवडे प्रयोग झाला, तेव्हा या अर्काने खोट्या गोळीपेक्षा अधिक वजन उतरले नाही. हिरव्या चहाने वजनात पडणारा फरकही अल्पच असतो. इसबगोलाने पोट भरल्यासारखे वाटते व शौचास साफ होते. एवढा लाभ मान्य करावयास हरकत नाही.

आता धोके पाहू. पेयातील चहा निराळा आणि त्याचा दाट अर्क निराळा. अर्कातील मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृतास इजा होण्याची शक्यता असते, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नमूद केले. गार्सिनियाच्या गोळ्यांनंतरही यकृत बिघडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. सोनामुखीसारख्या रेचकाने काटा खाली येतो खरा, पण जाते ते पाणी, चरबी नव्हे. शिवाय शरीरातील क्षार घटतात. सर्वांत भयंकर प्रकार भेसळीचा. रक्तदाब व हृदयाची गती वाढविणाऱ्या सिब्युट्रामीन या औषधावर भारतात २०११ साली बंदी आली; तेच औषध वनौषधी म्हणून विकलेल्या मालात लपविलेले अनेक देशांत सापडले आहे.

लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई केली आहे. तेव्हा जितकी जाहिरात मोठी, तितकी शंका अधिक घ्यावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी अशा गोळ्यांपासून दूर राहावे. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून त्या घेऊ नयेत. गोळी सुरू केल्यावर डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा छातीत धडधडू लागले, तर ती तत्काळ थांबवावी आणि डबी सोबत घेऊन दवाखाना गाठावा. कशाने अपाय झाला, हे डॉक्टरांना त्या डबीवरून लवकर कळू शकते.