लिंक गेलेल्या दिवशी बँकेत

सकाळी 9.40
शटर वर गेलं की आधी रॅककडे बघायचं. राउटरचा दिवा हिरवा. लिंक आहे.

10.30
काउंटरवर एक आजी. खातं पुण्यातल्या शाखेत आणि त्या सध्या गावी. "हितं मिळत्यात न्हवं पैसं?" मिळतात. पूर्वी जिथं लेजर तिथंच पैसे. परगावी हवे तर ड्राफ्ट काढा. कोअर बँकिंगनं ती पायपीट संपवली. जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा आजींना विचारावं.

11.50
लिंक गेली. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली. बॅकअपचं सिमही गप्प, कारण त्याचा टॉवर त्याच फायबरवर. कागदावर दोन लाईनी, जमिनीखाली एकच.

दुपारी 12.30
बाकावर निराधार योजनेचे पैसे घ्यायला आलेली म्हातारी माणसं. एक आजोबा तडकले, "सायब, पैसं माझं, तिजोरी तुमची, मग अडलंय कुठं?" अडलंय ते दूरच्या डेटा सेंटरमध्ये. कालची शिल्लक बघून द्यावेत, तर मधल्या वेळात तेच पैसे एटीएममधून किंवा यूपीआयवरून निघालेले असू शकतात. लेजर शाखेत होतं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता शाखेकडे रोकड आहे, हिशेब नाही. हे आजोबांना पटेना; खरं तर मलाही पटत नाही.

2.15
लिंक आली. एकच झुंबड. जेवण राहिलं.

4.00
मुख्य कार्यालयाची मेल: पेन ड्राइव्ह लावू नका. कंटाळा येतो, पण कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला आठवतो. एटीएमची विचारणा बँकेकडे नेतो तो स्विच; ऑगस्ट 2018 मध्ये बनावट स्विचनं मधल्या मधे 'पैसे द्या' म्हटलं, विचारणा खऱ्या यंत्रणेपर्यंत गेलीच नाही. सुमारे 94 कोटी गेले, त्यातले बरेचसे 28 देशांतल्या एटीएममधून. आजींना गावी पैसे मिळतात, तेही विचारणा अशी दूरच्या यंत्रणेपर्यंत जाते म्हणूनच. जुलै 2024 मध्ये छोट्या बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिची जोडणीच तोडली. जवळपास तीनशे बँकांचे ग्राहक खोळंबले. तरी तोडली ते बरं केलं, असं मी म्हणेन.

5.30
कॅश टॅली झाली. डे-एंड आता केंद्रातूनच होतो. पैशा-दोन पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसणं संपलं. निघण्याआधी दुसऱ्या लाईनसाठी प्रस्ताव लिहिला. 'कंपनी वेगळी हवी' हे खोडून 'फायबरचा मार्ग वेगळा हवा' असं केलं, खाली रेघ मारली आणि पाठवून दिला. लिंक होती.