उत्तर आधी, प्रश्न मागून

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आकाशकंदिलाचे खोके शोधायला नातू तळघरात गेला आणि कंदिलाऐवजी धुळीने माखलेली एक करडी पेटी घेऊन वर आला. "आजी, हे काय आहे?" मी चकल्या पाडीत होते. पेटी पाहिली आणि सोऱ्या हातातच राहिला. न्यू जर्सीतल्या आमच्या पहिल्या बिऱ्हाडातला निन्टेंडो होता तो! आणि झाकण उघडून पाहते तो आत 'जेपर्डी'ची कॅसेट, जशी ठेवली होती तशीच.

तुम्ही म्हणाल, सत्तरीला टेकलेल्या बाईला व्हिडिओ गेमचे एवढे काय अप्रूप? सांगते.

'जेपर्डी' हा मुळात अमेरिकन टेलिव्हिजनवरचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम. १९५०च्या दशकात असल्या कार्यक्रमांत काही स्पर्धकांना उत्तरे आधीच पढवून ठेवीत. १९५९ साली तिथल्या काँग्रेसच्या समितीपुढे हे सारे उघडकीला आले आणि प्रश्नमंजूषांवरचा लोकांचा विश्वासच उडाला. पुढे एकदा विमानाने न्यूयॉर्कला जाताना निर्माते मर्व्ह ग्रिफिन यांना त्यांच्या पत्नीने सुचवले, "मग उत्तरच सरळ सांगून टाका, प्रश्न त्यांना शोधू दे!" आणि लगेच उदाहरणही दिले. 'पाच हजार दोनशे ऐंशी' हे उत्तर. मग प्रश्न कोणता? तर 'एका मैलात फूट किती?' बायकोच्या या एका वाक्यावर १९६४ साली कार्यक्रम उभा राहिला. १९८४ पासून ॲलेक्स ट्रेबेक यांनी तो चालवला, तो २०२० साली त्यांचे निधन होईपर्यंत.

तिघे स्पर्धक, सहा विषय, प्रत्येक विषयात पाच सूचना. अशा दोन फेऱ्या झाल्या की शेवटी एकच सूचना आणि विचाराला तीस सेकंद. चुकलात तर मिळवलेले पैसे वजा! आपल्याकडे २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आले, त्यात निदान चार पर्याय तरी समोर असतात. इथे तोही आधार नाही.

१९८८ साली याच कार्यक्रमाचा खेळ निन्टेंडोवर आला. इंग्लंडमधल्या 'रेअर' या संस्थेने तो रचला होता. त्यात बोलायचे काहीच नाही. पडद्यावर अक्षरे मांडलेली असतात. हातातल्या फळीवरच्या फुलीने एकेका अक्षरापाशी जायचे, बटण दाबायचे आणि वेळ संपायच्या आत शब्द पुरा करायचा.

आता माझी हकिगत. पुण्याच्या शाळेत आठ वर्षे भूगोल शिकवून मी १९८७ साली ह्यांच्यामागून अमेरिकेला आले. इंग्रजी वाचता येत होते, लिहिता येत होते, पण तोंड उघडले की समोरचा कपाळाला आठ्या घालून "काय?" म्हणे. दुकानात साधे 'व्हिनेगर' मागताना तीन वेळा सांगावे लागले, तेव्हा चौथ्यांदा मी बाटलीकडे नुसते बोट दाखवले. मुलाच्या शाळेत पालकांना बोलावले होते, तेव्हा बाई माझ्याशी मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या. मी बहिरी नव्हते हो! परतताना सात वर्षांचा चिरंजीव खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई, पुढच्या वेळी बाबांना पाठव."

मी काही बोलले नाही. घरी येऊन भाजी चिरायला घेतली. त्या दिवशी कांदा नव्हता. तरी डोळे पुसावे लागले.

त्याच आठवड्यात शनिवारी त्याने व्हिडिओच्या दुकानातून भाड्याने कॅसेट आणली. आवडीच्या साऱ्या आधीच गेल्या होत्या, म्हणून नाइलाजाने 'जेपर्डी'. पोर ते! त्याला कुठले यायला? पैसे वजा होत चालले, तसा तो रडकुंडीला आला. मी फोडणी टाकता टाकता पडद्याकडे पाहिले. भूगोलाची सूचना होती. मी स्वयंपाकघरातूनच उत्तर सांगितले. त्याने शंकेखोर नजरेने एकेक अक्षर जुळवले, आणि ते बरोबर निघाले! पुढचेही. त्याच्या पुढचेही. शेवटी गॅस बंद करून मी पदराला हात पुसत त्याच्याशेजारी बसले.

त्या यंत्राला कान नव्हते, वाचकहो. माझा 'व' कसा आणि 'ट' कसा, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हते. शब्द ठाऊक आहे की नाही, एवढेच ते विचारी. मग रोज संध्याकाळी आमचा डाव रंगू लागला. मी अक्षरे सांगायची, त्याने जुळवायची. मी 'झेड' म्हटले की तो ओरडे, "झी, आई, झी!" 'कलर'मध्ये मी 'यू' घातला की म्हणे, "इथे यू नसतो ग!" हसत हसत मीही शिकत गेले. पुढे ह्यांनी ती कॅसेट विकतच आणून दिली. आणि एके दिवशी दारात मित्राला तो सांगताना मी ऐकले, "थांब, माझ्या आईला विचारू. तिला सगळं येतं." पुढच्या खेपेला शाळेत मीच गेले. बोलणे तेच होते माझे, फक्त मान वर होती.

तर गेल्या दिवाळीत ती पेटी पुन्हा लागली. कॅसेटमध्ये जग १९८८ सालीच थांबलेले. बर्लिनची भिंत पुढल्याच वर्षी पडली, सोव्हिएत संघ १९९१ साली मोडला, 'बॉम्बे'ची 'मुंबई' १९९५ साली झाली. त्या बिचारीला यातले काही ठाऊक नाही. नातू म्हणाला, "आजी, फोनला विचारू का?" मी म्हटले, "मुळीच नाही. मला विचार." तो फुली फिरवू लागला, मी अक्षरे सांगू लागले. सवयीने तोंडातून 'झेड' गेले.

"झी, आई, झी!"

मागून आवाज आला. जिन्यात मुलगा उभा होता. आता त्याच्याही कानशिलांवर पांढरे दिसू लागले आहे. तो येऊन शेजारी बसला. नातू खेळात गुंग आहेसे पाहून त्याने हळूच विचारले, "आई, तेव्हा शाळेतून येताना मी म्हटलं, ते तुला फार लागलं होतं का ग?"

पस्तीस वर्षांनी आलेला प्रश्न! उत्तर मी केव्हाच देऊन बसले होते. रोज संध्याकाळी, एकेक अक्षर करून. मी एवढेच म्हटले, "चकल्या गरम आहेत, आधी एक खाऊन बघ."