नुसती क्लचप्लेट बदलून भागत नाही, फ्लायव्हील तपासा. जुन्या ट्रकवाल्यांनी हंगामाआधी करायचं काम

शिरूर/दौंड : आपल्या दोन्ही तालुक्यांत जुने टाटा ट्रक अजून पळताहेत. काही गाड्या हंगामात पाटस, आलेगाव, पाटेठाण, जातेगाव या कारखान्यांना ऊस घालतात. काहींवर टाकी बसवली आहे, त्या उन्हाळ्यात शिरूरच्या जिरायती गावांना पाणी पोचवतात. या गाड्यांचं एक दुखणं नेहमीचं. क्लच जळतो, मालक नवी प्लेट टाकतो, आणि महिना-दोन महिन्यांत गाडी पुन्हा स्लिप व्हायला लागते. मग प्लेट डुप्लिकेट निघाली म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. बऱ्याच वेळा प्लेट चांगलीच असते, खराबी तिच्या मागच्या फ्लायव्हीलमध्ये असते.

हंगामात हे महागात पडतं. भरलेली गाडी फडाच्या तोंडाशी अडकली की टोळी बसून राहते, तोडलेला ऊस वाळून वजनाला घटतो आणि खेप जाते ती वेगळीच. म्हणून हे काम पावसाळ्यात, गाडी रिकामी उभी असतानाच उरकून घ्यावं.

क्लच काम कसं करतो?

इंजिनाच्या मागं फ्लायव्हील म्हणजे बिडाचं जड चाक असतं. त्याला चिकटून क्लचप्लेट आणि तिच्यावर दाब देणारी प्रेशर प्लेट. पेडल सोडलं की प्लेट या दोघांत आवळली जाते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जाते. म्हणजे प्लेटची एक बाजू प्रेशर प्लेटवर घासते, तर दुसरी थेट फ्लायव्हीलवर. जात्याची एकच तळी टाकी लावून भागत नाही, तसंच इथंही. दोन्ही बाजू सरळ पाहिजेत.

टाटा कंपनीनं १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ पर्यंत चालला. म्हणून जुनी माणसं अजून 'टाटा मर्सिडीज' म्हणतात. १२१० या नावातला १२ चा आकडा म्हणजे गाडी आणि माल मिळून साधारण १२ टन. क्लच त्या वजनाच्या हिशोबानं बनवलेला आहे. वर जितका जादा माल, तितका तो घासणार आणि तापणार.

क्लच गेला हे कसं ओळखायचं?

चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतो, ही पहिली खूण. उचलताना गाडी थरथरत असेल तर फ्लायव्हीलवर संशय घ्या. गिअर टाकताना करकर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी आधी पेडलचा लूज आणि लिंकेज बघा. लूज साधारण इंचभर असतो, पण गाडीगणिक फरक पडतो. नुसत्या अॅडजस्टमेंटनं काम होत असेल तर गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही.

खोलताना जीव सांभाळा

गाडी सपाट आणि टणक जागेवर लावा, रानातल्या मऊ मातीत नको. बॅटरीची वायर काढा. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : प्रोपेलर शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये असली तरी थांबत नाही. ज्या गाडीचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर आहे, तिचा हँडब्रेकही मग चाकं धरत नाही. तेव्हा फक्त ठोकळेच गाडी धरतात.

गिअरबॉक्स हातावर झेलण्याच्या फंदात पडू नका. जॅक किंवा चेनपुली वापरा. काढताना आणि बसवताना त्याचं वजन प्लेटच्या मधल्या दात्यांवर लोंबू देऊ नका, प्लेट वाकते. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम काढू नका. समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा.

आतली काळी धूळ कॉम्प्रेसरनं उडवायची सवय मोडा. जुन्या प्लेटच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ही धूळ छातीत गेली तर फुफ्फुसाचा कायमचा आजार होतो. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला चांगला मास्क बांधा आणि फडकं पोरांच्या हाताला लागेल असं टाकू नका.

फ्लायव्हीलवर काय बघायचं?

पुसल्यावर उजेडात बघा. निळे-काळे डाग म्हणजे तिथं बीड तापून कडक झालंय. नखानं बघा, नख अडकलं तर खाचा पडल्यात. वरवरच्या केसासारख्या रेषा बहुतेक वेळा फेसिंगमध्ये निघून जातात. पण चीर खोल असेल, किंवा बोल्टच्या भोकापर्यंत वा काठापर्यंत गेली असेल, तर ते फ्लायव्हील भंगारातच घाला. मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेणारं चाक फुटलं तर हाऊसिंग फोडून केबिनमध्ये येऊ शकतं. वेल्डिंग करून चालवायचं तर नावच काढू नका.

मग सरळ स्टीलची पट्टी आडवी ठेवून फटीतून उजेड दिसतो का ते बघा. मिस्त्रीकडं डायल गेज असेल तर फ्लायव्हील हातानं फिरवून डोलतंय का तेही बघून घ्या.

सोबत तीन गोष्टी तपासा. मधलं पायलट बेअरिंग बोटानं फिरवा, खरखरलं तर बदला. स्टार्टरच्या रिंगचे दाते बघा. हाऊसिंगमध्ये ओल असेल तर तेल कुठलं ते ओळखा. काळं, पातळ असेल तर इंजिनाची मागची सील गेली. घट्ट, उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सची. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर ती तेलानं भिजून पुन्हा स्लिप होणार.

लेथवाल्याला काय सांगायचं?

फ्लायव्हील काढण्याआधी त्यावर आणि क्रँकवर खूण करा, पुन्हा त्याच जागी बसलं पाहिजे. फेसिंग गरजेपुरतंच करा. कंपनीनं दिलेल्या किमान जाडीच्या खाली गेलं तर बदलायलाच हवं. प्रेशर प्लेट बसते ती कड आणि प्लेट घासते ती जागा अशा दोन पायऱ्या असतील, तर दोन्हींवरून सारखंच बीड काढायला सांगा. नुसती घासायची जागा काढली तर ती आत जाते, प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो आणि नवी प्लेटसुद्धा स्लिप होते. कडक डागांवर लेथचं हत्यार उडी मारतं, तिथं ग्राइंडिंग बरं पडतं.

जोडताना आणि नंतर

प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडं ते नीट बघा, बहुतेक प्लेटवर लिहिलेलं असतं. प्लेट मधोमध धरायला जुना गिअरबॉक्स शाफ्ट डमी म्हणून चालतो. दात्यांना ग्रीस अगदी नावापुरतं लावा. लायनिंगला तेलाचा हातसुद्धा लागता कामा नये. तीन फिंगरची प्रेशर प्लेट असेल तर तिन्ही एकाच उंचीवर करून घ्या. रिलीज बेअरिंग नवीन टाका, त्या एकट्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं परवडत नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क पान्यानं कंपनीच्या मापानं आवळा.

पहिले काही दिवस हलका माल भरा. फडातून बांध चढताना पहिलाच गिअर टाका. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका, आणि चढावर थांबायचं तर अर्ध्या क्लचवर धरू नका, ब्रेक लावा. गाडी मालकाची असली तरी क्लच टिकणार की नाही हे ड्रायव्हरच्या डाव्या पायावर असतं. म्हणून ही माहिती मालकाइतकीच ड्रायव्हरलाही वाचून दाखवा. गाडी गॅरेजला लावाल तेव्हा गिअरबॉक्स खाली असताना स्वतः जाऊन फ्लायव्हील डोळ्यानं बघा, मगच 'जोडा' म्हणून सांगा.